बेरीज नाकारणारा बूल

कोरलड्रॉमधले वेल्ड, ट्रिम आणि इंटरसेक्ट, इलस्ट्रेटरमधला पाथफाइंडर: एकावर एक आलेले आकार जोडणाऱ्या आणि कापणाऱ्या या हत्यारांना मिळून ‘बूलियन’ म्हणतात. नाव जॉर्ज बूलचे. गंमत अशी की, यातली सर्वांत ओळखीची क्रिया, दोन आकारांचा एक करणे (म्हणजे वेल्ड), खुद्द बूलला मान्य नव्हती.

आयर्लंडमधल्या कॉर्कला गणित शिकवणाऱ्या बूलने १८५४ साली तर्कशास्त्राचे बीजगणित मांडले. दोन वर्गांतला समाईक भाग म्हणजे गुणाकार, एकातून दुसरा वगळणे म्हणजे वजाबाकी. बेरीज मात्र काहीच समाईक नसलेल्या वर्गांचीच. एकमेकांत शिरलेल्या वर्गांची सरळ बेरीज त्याच्या लेखी निरर्थक होती. विल्यम स्टॅनली जेव्हन्सने पत्रांतून त्याच्याशी हुज्जत घातली: क्ष अधिक क्ष म्हणजे क्षच! बूल बधला नाही. १८६४ मध्ये जेव्हन्सने आपली मांडणी पुस्तकरूपाने काढली. त्याच वर्षी बूल वारला. पुढे टिकले ते जेव्हन्सचेच मत. वेल्डचा खरा आजोबा तोच, पण पाटीवर त्याचे नाव नाही.

जॉन व्हेनने १८८० मध्ये या वर्गांची वर्तुळे काढली आणि या बीजगणिताला चित्र मिळाले. संगणकाला मात्र चित्र दिसत नाही; त्याला कडा कुठे छेदतात ते आकडेमोडीने शोधावे लागते आणि खरी मेहनत तिथेच आहे. सदरलँड आणि हॉजमन यांची १९७४ची रीत फक्त बहिर्वक्र चौकटीनेच आकार कापायची. १९७७ मध्ये वायलर आणि ॲथर्टन यांनी खाचाखोचांचे आणि भोके असलेले बहुभुजही घेतले. स्वतःलाच छेदणारे आकार १९९२ मध्ये बाला वट्टीच्या पद्धतीने हाताळले. वक्ररेषा आल्या की प्रकरण आणखी चिघळते: दोन त्रिघाती बेझिए वक्र एकमेकांना नऊ ठिकाणी छेदू शकतात. दोन कडा तंतोतंत एकावर एक आल्या, तर दशांशातल्या बारीकशा चुकीनेही आकार फाटू शकतो.

देवनागरीत हे रोजचे काम आहे. बहुतेक फॉन्टमध्ये अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढवलेली असते. छापताना ते कळत नाही. रेडियम कटिंगच्या मशीनची सुरी मात्र प्रत्येक बाह्यरेषेवरून फिरते आणि शिरोरेषेचे तुकडे पाडते. म्हणून आधी वेल्ड. तिथे चुकून कम्बाइन दाबले, तर सांध्यावर पोकळ खिडक्या उघडतात. ‘दोहोंपैकी एकच’ ही अट पाहायची असेल, तर ती या खिडक्यांत दिसते.

वेल्ड केल्यावर मजकूर मजकूर राहत नाही, नुसता आकार उरतो. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ आधी तपासा आणि मूळ मजकुराची एक प्रत बाजूला ठेवा.