नदीला पूर येणार हे आधी कसं कळतं? आणि गावच्या नाल्याचं काय?

पावसाळ्यात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असे मेसेज फिरतात: ‘पूर्णेला महापूर’, ‘धरणातून इतके हजार क्युसेक सोडले’, ‘अमुक मंडळात अतिवृष्टी’. यातला प्रत्येक आकडा कुणीतरी, कुठेतरी मोजलेला असतो. पण तो नेमका काय सांगतो आणि तुमच्या गावासाठी त्याचा उपयोग किती, हे बहुतेकांना माहीत नसतं. चिखली–खामगाव रस्त्यावरच्या उंद्रीत उभं राहून हे आकडे समजून घेऊ.

सुरुवात ‘पूर्णा’पासूनच करू, कारण या नावाने बुलढाणा जिल्ह्यात हमखास घोटाळा होतो. जिल्ह्याच्या मधून अजिंठ्याच्या डोंगररांगेचा पाणलोट जातो. त्याच्या उत्तरेला पडलेला पाऊस नांदुरा, जळगाव जामोदकडच्या पूर्णेत उतरतो, पुढे तापीला मिळतो, हतनूर आणि उकाई धरणांतून सुरतेला जाऊन अरबी समुद्रात पोचतो. दक्षिणेचा पाऊस पैनगंगेत किंवा खडकपूर्णेत जातो आणि गोदावरीतून थेट बंगालच्या उपसागरात. या खडकपूर्णेलाही पूर्णाच म्हणतात. म्हणजे एकाच जिल्ह्यात दोन पूर्णा, आणि दोघींचं पाणी दोन वेगळ्या समुद्रांना. गुजरातेत नवसारीजवळून वाहणारी तिसरीच पूर्णा आहे. तेव्हा ‘पूर्णेला पूर’ असा मेसेज आला, तर पहिला प्रश्न: कोणत्या?

नदीची पातळी मोजण्याचं सगळ्यात जुनं आणि आजही भरवशाचं साधन म्हणजे पुलाच्या खांबावर किंवा घाटावर रंगवलेली मोजपट्टी. माणूस जातो, आकडा वाचतो, कळवतो. पूर चढत असेल तर तासातासाला. आता अनेक ठिकाणी पुलाखाली रडार सेन्सर बसवतात. तो पाण्याकडे लहरी सोडतो, त्या परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो आणि आकडा उपग्रहाने किंवा मोबाइल नेटवर्कने नियंत्रण कक्षाला पाठवतो. केंद्रीय जल आयोग मोठ्या नद्यांवर हे काम करतो. नांदुरा–जळगाव जामोद रस्त्यावर येरळीला पूर्णेवर आयोगाचं मोजणी केंद्र आहे. धरणं आणि राज्यातल्या इतर नद्यांचं काम जलसंपदा विभागाकडे असतं.

आयोग पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये देतो. म्हणून ‘नदी २०० मीटरवर’ असं वाचून घाबरायचं कारण नाही, ती पाण्याची खोली नव्हे. बघायचं असतं ते हे की इशारा पातळी आणि धोका पातळीपासून पाणी किती दूर आहे आणि दर तासाला किती चढतंय. पाणी इशारा पातळीच्या वर गेलं की ‘सामान्यापेक्षा जास्त’, धोका पातळी ओलांडली की ‘गंभीर’, आणि त्या ठिकाणी आजवर नोंदलेल्या सर्वोच्च पातळीला पोचलं की ‘अतिगंभीर’, अशी आयोगाची वर्गवारी आहे.

हे लोकांच्या अंगवळणी कसं पडतं, ते सांगलीत बघावं. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे तिथे शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेसाठी हेच आकडे ३९ आणि ४३ फूट आहेत. ‘किती फूट झालं?’ एवढ्या एका प्रश्नावर तिथली माणसं सामान माळ्यावर टाकायचं की घर सोडायचं, हे ठरवतात. मोठ्या नदीचा पूर सावकाश चढतो, म्हणून हे जमतं.

उंद्रीच्या परिसरात तसं होत नाही. पठारावरचे नाले आणि छोट्या नद्या तासाभरात भरतात आणि काही तासांत ओसरतात. त्यांच्यावर ना सेन्सर असतो, ना धोका पातळी ठरलेली असते. इथे हाताशी असतो तो पावसाचा आकडा.

तो येतो महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रावरून. उंद्री हे असंच एक मंडळ आहे. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, की सरकारदरबारी त्या मंडळात अतिवृष्टी झाली असं धरतात आणि नुकसानीचे पंचामेही त्यावर अवलंबून असतात. पण पुराचा अंदाज घ्यायला हा आकडा अपुरा आहे. ६५ मिलिमीटर दिवसभर रिपरिप पडला तर जमीन बराचसा पिऊन टाकते. तोच दीड तासात कोसळला तर नाला रस्त्यावर येतो.

थोडं गणित करू. एक चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लाख घनमीटर, अर्थात १० कोटी लिटर पाणी. नाल्याचं पाणलोट क्षेत्र १० चौरस किलोमीटर असेल, निम्मं पाणी जमिनीत मुरलं आणि उरलेलं दोन तासांत वाहून आलं, तर नाल्यातून सरासरी सेकंदाला सुमारे ७० घनमीटर पाणी जाईल. ते होतं जवळपास अडीच हजार क्युसेक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८ लिटरच्या थोडं वर. मोठ्या धरणाच्या बातमीत अडीच हजार हा किरकोळ आकडा वाटतो, पण फरशीच्या पुलावर तो ट्रॅक्टर उलटवू शकतो. शिवाय जमीन आधीच भिजलेली असेल तर निम्मंही मुरत नाही. म्हणून जूनमधल्या १०० मिलिमीटरपेक्षा ऑगस्टअखेरचे १०० मिलिमीटर जास्त घातक.

आता धरणाचं. खडकपूर्णा धरणाला १९ दरवाजे आहेत. ते कधी आणि किती उघडायचे हे माणसं ठरवतात, त्यामुळे खालच्या गावांना आधी कळवता येतं. बुलढाणा शहराला पाणी देणाऱ्या, पैनगंगेवरच्या येळगाव धरणाचे दरवाजे मात्र स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक पातळीला आलं की त्याच्या दाबानेच ते उघडतात. गावोगावच्या पाझर तलावांना तर दरवाजेच नसतात. तलाव भरला की सांडव्यावरून पाणी आपोआप पडतं. तिथे ‘पाणी सोडलं’ ही बातमी येणारच नाही. तलाव किती भरलाय हे पाऊस सुरू होण्याआधी बघून ठेवणं, हीच तिथली पूर्वसूचना.

मोबाइलवर काय बघाल? जल आयोगाचं ‘फ्लडवॉच इंडिया’ अ‍ॅप २०२३ साली आलं, त्यात मोठ्या नद्यांच्या केंद्रांची पातळी दिसते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ अ‍ॅप जिल्ह्यासाठीचे इशारे देतं. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७. मेसेज पुढे ढकलण्याआधी त्यात नदीचं नाव, ठिकाण, तारीख आणि वेळ आहे का, एवढं पाहा. सकाळी सहाची पातळी दुपारी बाराला शिळी झालेली असते.

आणि गावात कोणतंच यंत्र नसेल, तर फरशीच्या पुलाच्या कडेला रंगाने फुटांच्या खुणा करता येतात. वाहतं पाणी गुडघ्याच्या खाली असलं तरी धडधाकट माणसाचा तोल जातो, दोन फूट असेल तर बहुतेक चारचाकी तरंगू लागतात. गढूळ पाण्याखाली रस्ता शाबूत आहे की वाहून गेलाय, हे काठावरून दिसत नाही. खुणेवरून खोली तरी दिसते. वर डोंगराकडे काळंभोर आभाळ असेल आणि नाल्याला अचानक काडीकचरा घेऊन गढूळ पाणी येऊ लागलं, तर आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी गुरं पात्रातून वर काढायची वेळ झालेली असते.