लुंडबोर्गची दुसरी फेरी

ध्रुवप्रदेशातील साहसांचा इतिहास बहुधा शूर आणि भेकड अशा दोनच रकान्यांत मांडला जातो. १९२८ च्या 'इतालिया' मोहिमेची हकीकत वाचताना मात्र आम्हांस राहून राहून वाटते, की येथे रकान्यांची वाटणी एका छोट्या विमानाच्या अपघाताने केली.

२५ मे १९२८ रोजी उत्तर ध्रुवावरून परतणारी उम्बेर्तो नोबिले यांची वायुनौका स्पिट्सबर्गेनच्या ईशान्येस गोठलेल्या समुद्रावर आदळली. दहा जण बर्फावर फेकले गेले. त्यांतील एक दगावला. उरलेले सहा जण वायूच्या पिशवीबरोबर वाहून गेले, ते कायमचेच. पुढे तिघे पायी जमिनीच्या शोधात निघाले आणि तंबूत सहा जण राहिले. नोबिले व चेचिओनी या दोघांचेही पाय मोडले होते.

२३ जूनच्या रात्री, अर्थात न मावळणाऱ्या सूर्याच्या उजेडात, स्वीडनचा वैमानिक आयनर लुंडबोर्ग घसरपट्ट्या लावलेले फॉकर विमान घेऊन तेथे उतरला. जागा एकाचीच होती. नोबिले यांनी ठरविलेल्या क्रमात पहिले नाव चेचिओनीचे होते. चेचिओनी देहाने जड. शिवाय सेनापती बाहेर पडल्यास सुटकेचे काम हाती घेईल, असे सांगून लुंडबोर्गने नोबिले यांनाच नेण्याचा आग्रह धरला. ते गेले. काही तासांतच लुंडबोर्ग पुढच्या माणसासाठी एकटा परतला आणि उतरताना त्याचे विमान उलटले. सोडवायला आलेला स्वतःच अडकला. ६ जुलैला शिबर्ग या सहकाऱ्याने त्याला लहानशा मॉथ विमानातून नेले. बाकीच्या पाचांना १२ जुलैला 'क्रासिन' या सोव्हिएत बर्फफोड्या जहाजाने उचलले.

समुद्रावरचे बर्फ वरून सपाट दिसते. प्रवाह व वारा यांनी तुकडे एकमेकांवर चढून झालेले उंचवटे हिमाखाली झाकलेले असतात. ढगाळ उजेडात सावलीही पडत नाही. घसरपट्ट्यांना ब्रेक नसतो, आणि उन्हाळ्यात पृष्ठभाग भुसभुशीत होत जातो. एकदा यशस्वी उतरलेली जागा दुसऱ्यांदा तशीच मिळेल, याची हमी नसते.

दुसरी फेरी साधली असती, तर नोबिले यांचे आधी जाणे हा केवळ यादीतला क्रम ठरला असता. ती फसली, आणि तोच क्रम 'माणसांना टाकून गेलेला सेनापती' या आरोपात बदलला. १९२९ मध्ये चौकशी समितीने त्यांना दोषी धरले; त्यांनी राजीनामा दिला. त्यांचे पद व मान परत मिळाले ते दुसऱ्या महायुद्धानंतर.

याच शोधकार्यात १० जुलैला सोव्हिएत वैमानिक चुखनोव्स्की याने पायी गेलेल्यांचा माग लावला. परतताना धुक्यामुळे बर्फावर उतरावे लागले, आणि त्याच्याही विमानाची खालची बाजू मोडली. त्याने 'क्रासिन'ला निरोप धाडला तो आधी त्यांना वाचविण्याचा. हा निरोप थोरच. पण निरोप देण्याची संधी त्याला मिळाली. नोबिले यांच्या वाट्याला आले ते विमानातले एकच आसन आणि निर्णयाला काही क्षण.

नोबिले यांनी नकार द्यायला हवा होता, असे म्हणणाऱ्यांशी आमचा वाद नाही. मात्र त्या निर्णयाचे मोजमाप पुढच्या अपघातावरून करू नये, एवढेच आमचे म्हणणे. निर्णय घेताना समोर दुसरी फेरी होती. इतिहास लिहिताना मात्र समोर उलटलेले विमान असते.