महाभारताची चिकित्सक आवृत्ती : रेषेवरील संहिता आणि रेषेखालील परंपरा

१

महाभारत हा ग्रंथ भारतीय परंपरेत इतिहास म्हणून गणला गेला, पाचवा वेद म्हणून पूजिला गेला आणि धर्मनिर्णयासाठी निबंधकारांकडून वेळोवेळी उद्धृत झाला. अशा ग्रंथाचा कोणता पाठ प्रमाण मानावा, हा प्रश्न केवळ पोथ्या जुळविणाऱ्यांचा नाही. महाभारताच्या आधारे प्राचीन समाज, धर्म वा राजनीती यांविषयी विधान करणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाला त्याचे उत्तर आधी द्यावे लागते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली आणि १९६६ साली पूर्ण केलेली चिकित्सक आवृत्ती हे त्या प्रश्नाला मिळालेले सर्वांत पद्धतशीर उत्तर होय.

या आवृत्तीविषयी मात्र दोन परस्परविरुद्ध समज रूढ झालेले दिसतात. एका समजुतीप्रमाणे या आवृत्तीने व्यासांचे मूळ महाभारत हस्तगत करून दिले. दुसऱ्या समजुतीप्रमाणे तिने शतकानुशतके श्रद्धेने ऐकलेल्या कथा गाळून महाभारताची छाटणी केली. वस्तुतः हे दोन्ही समज एकाच चुकीतून उद्भवले आहेत. पृष्ठाच्या वरच्या भागात छापलेली संहिता म्हणजेच संपूर्ण आवृत्ती, असे दोन्ही पक्ष गृहीत धरतात आणि त्या संहितेखाली ओढलेल्या रेषेच्या खालचा मजकूर दोघेही नजरेआड करतात.

२

महाभारताची शास्त्रशुद्ध आवृत्ती काढण्याची कल्पना मोरिट्झ विंटरनित्झ यांनी १८९७ साली पॅरिस येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेत प्रथम मांडली. पुढे युरोपातील विद्वत्संस्थांनी ती स्वीकारली आणि हाइन्रिख ल्यूडर्स यांनी १९०८ साली अशा आवृत्तीचा एक छोटा नमुनाही छापला. परंतु पहिल्या महायुद्धाने ती योजना खुंटली. दरम्यान ६ जुलै १९१७ रोजी पुण्यात भांडारकर संशोधन मंदिराची स्थापना झाली होती. पुढील वर्षी मंदिराच्या सभेत अध्यक्षपदावरून बोलताना औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी हे कार्य मंदिराने अंगावर घ्यावे असे आवाहन केले आणि त्यासाठी एक लक्ष रुपयांचे साहाय्य देऊ केले. १ एप्रिल १९१९ रोजी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या हस्ते कार्याचा प्रारंभ झाला.

पहिली काही वर्षे पद्धती निश्चित करण्यात गेली. नारायण बापूजी उतगीकर यांनी १९२३ साली विराटपर्वाची तात्पुरती आवृत्ती प्रसिद्ध करून विद्वानांची मते मागविली. १९२५ साली विष्णु सीताराम सुखठणकर प्रमुख संपादक झाले. केंब्रिज येथे गणिताचा अभ्यास केल्यानंतर त्यांनी बर्लिन येथे ल्यूडर्स यांच्याच मार्गदर्शनाखाली संस्कृताचे अध्ययन केले होते. अशा रीतीने युरोपात खंडित झालेला धागा पुण्यात पुन्हा जोडला गेला. सुखठणकरांनी संपादिलेले आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी सांगितलेली तत्त्वे पुढील सर्व पर्वांना मार्गदर्शक ठरली. १९४३ साली त्यांचे निधन झाल्यावर श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि १९६१ पासून परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ही धुरा वाहिली. सप्टेंबर १९६६ मध्ये राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत अठराही पर्वांच्या पूर्ततेची घोषणा झाली. या कार्यासाठी एकंदर १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली होती.

३

या हस्तलिखितांचा उपयोग कसा करण्यात आला, हे ध्यानी घेतल्यावाचून आवृत्तीचे स्वरूप कळत नाही. आडव्या-उभ्या रेघा आखलेल्या कागदाच्या शिरोभागी प्रचलित पाठाचा एकेक श्लोक मोठ्या अक्षरांत लिहावयाचा आणि त्याखाली प्रत्येक पोथीसाठी राखलेल्या ओळीत, ज्या अक्षराच्या जागी भेद असेल त्या अक्षराच्या खालीच तो भेद नोंदवावयाचा, अशी ही पद्धत होती. बंगाली लिपीतील पोथ्यांसाठी शांतिनिकेतन येथे आणि दक्षिणेकडील लिप्यांतील पोथ्यांसाठी तंजावर येथे असे पाठसंवादाचे काम झाले. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ आणि मलयाळम या लिप्यांतील पोथ्या प्रथमच एका पंक्तीला आल्या.

ग्रीक व लॅटिन ग्रंथांच्या संपादनात पोथ्यांचा वंशवृक्ष रेखाटून मूळ पोथीकडे परत जाण्याची रीत रूढ होती. महाभारताच्या बाबतीत ती जशीच्या तशी लागू पडणारी नव्हती. येथील लेखक एकाच पोथीची नक्कल करून थांबत नसे. दुसऱ्या पोथीत एखादे अधिक आख्यान आढळले तर तेही तो आपल्या प्रतीत उतरवून घेई. पवित्र ग्रंथातील काही सुटू नये, हीच त्यामागील भावना. सतराव्या शतकातील टीकाकार नीलकंठ चतुर्धर यांनीही निरनिराळ्या प्रदेशांतील पोथ्या जमवून त्यांतून उत्तम पाठ निवडल्याचे सांगितले आहे. गोदाकाठच्या कोपरगावच्या घराण्यातील या पंडितांनी काशी येथे सिद्ध केलेला सटीक पाठच पुढे मुद्रणामुळे सर्वत्र प्रचलित झाला. तात्पर्य, पाठांची तुलना ही गोष्ट भारतीय परंपरेला अपरिचित नव्हती. भेद होता तो हेतूचा. नीलकंठांना संग्रह करावयाचा होता, तर सुखठणकरांना स्तर वेगळे करावयाचे होते.

यासाठी सुखठणकरांनी स्वीकारलेली कसोटी तत्त्वतः सोपी आहे. परस्परांशी संपर्क असण्याचा संभव अल्प, अशा दूरच्या परंपरा जेथे एकमत होतात, तेथे तो पाठ त्या परंपरा विभक्त होण्यापूर्वीचा मानावयाचा. काश्मीरची शारदा परंपरा आणि केरळची मलयाळम परंपरा यांचे ऐकमत्य म्हणूनच मोलाचे ठरते. देवबोधांची प्राचीन टीका, क्षेमेंद्राची भारतमञ्जरी आणि जावा बेटातील प्राचीन भाषेत झालेला आदिपर्वाचा अनुवाद यांचीही साक्ष काढण्यात आली. जो पाठ निश्चित करता आला तो रेषेवर छापला गेला. त्यातही जेथे शंका उरली तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ देऊन ती शंका प्रकट केली गेली. उरलेले पाठभेद रेषेखाली, अधिक श्लोक तारांकित क्रमांक देऊन तेथेच, आणि दीर्घ प्रकरणे परिशिष्टात, अशी व्यवस्था झाली. वरची संहिता व्यासांची मूळ रचना होय, असा दावा सुखठणकरांनी केलेला नाही. उपलब्ध पोथ्यांच्या साह्याने जेथवर मागे जाता येते तेथवरचा सर्वांत जुना पाठ, एवढेच तिचे स्वरूप त्यांनी सांगितले. आदिपर्वाच्या प्रकाशनानंतर नेपाळचे राजगुरू हेमराज पंडित यांच्यामुळे उपलब्ध झालेल्या जुन्या पोथीने त्यांच्या काही अनुमानित पाठांना दुजोरा दिला, ही गोष्ट पद्धतीच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

४

रेषेखालील मजकुराचे मोल दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. व्यासांनी सांगावे आणि गणेशाने लिहावे, ही कथा महाराष्ट्रात पुराण-कीर्तनांच्या द्वारे घरोघर पोहोचली आहे. काश्मीरच्या परंपरेत ती नाही. म्हणून चिकित्सक आवृत्तीत तिला आदिपर्वाच्या परिशिष्टात स्थान मिळाले. यावरून ती कथा निरर्थक ठरत नाही. मौखिक म्हणून ख्यात असलेल्या ग्रंथाला लेखनाची दैवी उपपत्ती देण्याची गरज परंपरेला एका टप्प्यावर भासली, असा निष्कर्ष तीवरून निघतो. हा निष्कर्ष केवळ प्रचलित पाठ वाचणाऱ्याला काढता येत नाही, आणि केवळ वरची संहिता वाचणाऱ्यालाही नाही.

दुसरे उदाहरण द्रौपदीवस्त्रहरणाचे. सभापर्वाचे संपादन फ्रँक्लिन एजर्टन यांनी केले असून ते १९४४ साली पूर्ण झाले. तेथे वरच्या संहितेत द्रौपदी कृष्णाचा धावा करीत नाही. वस्त्र ओढले जाताच तसेच दुसरे वस्त्र प्रकट होत राहते, आणि हे कोणाच्या कृपेने घडले याचा निर्देश नाही. धाव्याचे श्लोक निरनिराळ्या पोथ्यांत निरनिराळ्या रूपांत येतात. म्हणून ते सारे रेषेखाली गेले. येथेच थांबणारा अभ्यासक कृष्णाचा संबंध ही सर्वस्वी उत्तरकालीन भर होय, असे विधान करून मोकळा होईल. परंतु सुशीलकुमार दे यांनी संपादिलेल्या उद्योगपर्वाच्या वरच्या संहितेतच, दूर असलेल्या आपल्याला द्रौपदीने गोविंद म्हणून हाक मारली आणि ते ऋण आपल्या हृदयातून जात नाही, असे कृष्ण स्वतः म्हणतो. उलट आरण्यकपर्वात, द्यूताच्या वेळी शाल्वाशी युद्धात गुंतल्यामुळे आपण तेथे नव्हतो, असे तो सांगतो. म्हणजे द्रौपदीच्या हाकेची स्मृती प्राचीन संहितेला ठाऊक आहे. मात्र सभेतील प्रसंगाशी तिचा सांधा कसा जुळवावा, हे तिने उघड ठेवले. तो सांधा जुळविण्याचे अनेक प्रयत्न म्हणजेच रेषेखालील श्लोक होत. प्रक्षेप म्हणून ज्यांची बोळवण केली जाते ते श्लोक अशा वेळी महाभारताचे पहिले भाष्य ठरतात.

याउलट भीष्मपर्वातील भगवद्गीतेची स्थिती आहे. बेलवलकरांच्या १९४७ च्या आवृत्तीत तिचे सातशे श्लोक कायम राहिले. शंकराचार्यांपासून चालत आलेल्या भाष्यपरंपरेने जो भाग जपला, त्याला नंतरच्या लेखकांचा हात फारसा लागला नाही. यावरून, पाठाचे स्थैर्य वा चांचल्य हे त्या त्या भागाच्या समाजातील उपयोगावर अवलंबून असते, हे दिसून येते.

५

या पद्धतीवर आक्षेप आले नाहीत असे नाही. सिल्व्हँ लेव्ही यांनी १९२९ साली असे सुचविले की, नवी संहिता सिद्ध करण्यापेक्षा नीलकंठांचा पाठच छापून त्याखाली पाठभेद द्यावेत. नीलकंठांचा पाठ हीही उत्तरकालीन निवडच असल्याने त्याला पायाभूत मानण्यास आधार नाही, अशी सुखठणकरांची भूमिका होती. आवृत्ती पूर्ण झाल्यानंतर मादलेन बियार्दो यांनी अधिक मूलगामी शंका उपस्थित केली. मौखिक परंपरेत वाढलेल्या ग्रंथाला एकच आदिपाठ असतो हेच गृहीत त्यांना अमान्य होते. प्रत्येक प्रादेशिक पाठ त्या त्या समाजापुरता पूर्ण व प्रमाण आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. या आक्षेपात तथ्य आहे. काश्मीर आणि केरळ यांत समान असलेली संहिता तिच्या या निवडक रूपात कोणत्याही एका गावी वाचली जात होती, असे सिद्ध करता येत नाही. तथापि प्रादेशिक पाठांचा स्वतंत्र अभ्यास करावयाचा झाल्यास त्याची सामग्रीही याच आवृत्तीच्या रेषेखाली साठविलेली आहे. बियार्दो यांनी उचलून धरलेल्या बहुविध परंपरेची एवढी विस्तृत नोंद दुसऱ्या कोणत्याही छापील महाभारतात नाही.

आज हा मुद्दा अधिक निकडीचा झाला आहे. १९७३ पासून शिकागो येथून प्रसिद्ध होऊ लागलेले व्हॅन ब्युटेनेन यांचे भाषांतर, बिबेक देबरॉय यांनी २०१० ते २०१४ या काळात दहा खंडांत केलेले संपूर्ण भाषांतर आणि संगणकावर उपलब्ध झालेली संहिता यांचा वाचक प्रायः वरचा पाठच वाचतो. लक्षश्लोकी म्हणून ख्यात असलेल्या ग्रंथाचे पाऊण लक्षाच्या आसपास श्लोक त्याच्यापुढे येतात. उरलेले कोठे गेले आणि का गेले, हे त्याला दिसत नाही. अशा वाचकाला ही आवृत्ती एक तर अंतिम निर्णय वाटते, नाहीतर छाटणी वाटते.

चिकित्सक आवृत्तीच्या संपादकांनी श्लोक वगळले नाहीत; त्यांनी श्लोकांच्या जागा बदलल्या आणि प्रत्येक बदलाचा पुरावा त्याच पृष्ठावर ठेवला. वरच्या संहितेवरून महाभारताचे प्राचीन रूप अनुमानता येते, तर खालच्या नोंदींवरून त्या रूपाशी पिढ्यांनी केलेला व्यवहार कळतो. यास्तव महाभारतातील एखाद्या श्लोकाचा आधार देणाऱ्याने पर्व, अध्याय व श्लोक यांच्या आकड्यांबरोबर तो श्लोक रेषेच्या वर आहे की खाली, आणि खाली असल्यास कोणत्या प्रदेशाच्या पोथ्यांत आहे, हेही सांगणे अगत्याचे आहे. एवढे पथ्य पाळले तरच १,२५९ पोथ्यांवर खर्ची पडलेल्या जवळजवळ अर्धशतकाच्या श्रमांचा उपयोग होईल.