रंग आणि रोग
शके ९८२ (इ. स. १०६०) चे अंबरनाथचे शिवालय ज्या वालधुनीकाठी उभे आहे, तिच्यात पुढे कारखान्यांचे आणि उल्हासनगरच्या रंगाईचे पाणी उतरले. रंगांचा मूत्राशयाशी काय संबंध, असे वाचक विचारतील. १८९५ साली फ्रँकफुर्टचे शल्यवैद्य लुडविग रेन यांना फुक्सिन रंगाच्या कामगारांत मूत्राशयाच्या गाठी आढळल्या. त्यांनी ठपका ॲनिलिनवर ठेवला; खरे अपराधी बेंझिडिन आणि बीटा-नॅफ्थिलअमाइन, हे इंग्लंडात १९५४ च्या पाहणीने दाखविले. (तंबाखूच्या धुरातही हे दुसरे असतेच!) आपल्याकडे बेंझिडिनच्या रंगांवर बंदी आली ती १९९३ साली. मूत्रपिंडाच्या वा पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाची कुळकथा निराळी. हा मात्र कित्येकदा २० वर्षे दडून बसतो. दुखल्याखुपल्याविना लघवीतून रक्त जाऊ लागते, तोवर कामगार कारखाना सोडून बदलापुरास घर करून राहिलेला असायचा. डॉक्टरांना जुना धंदा सांगावा, हे त्याला सुचणार कसे?