फार्नबरोचा माळ

१६ ऑक्टोबर १९०८. इंग्लंडमधील फार्नबरोच्या माळावर सॅम्युअल कोडी यांचे विमान २७ सेकंद हवेत राहिले आणि उतरताना मोडले. रंगमंचावर काउबॉय रंगवणाऱ्या, पतंगांच्या वेडातून विमानविद्येकडे वळलेल्या या मूळच्या अमेरिकन माणसाचे हे ब्रिटनमधील पहिले मान्यताप्राप्त यंत्रचलित उड्डाण.

१९५४ मध्ये येथील सरकारी संशोधन संस्थेने कॉमेट विमानाचा सांगाडा पाण्याच्या टाकीत ठेवला, दाब वारंवार चढवला-उतरवला आणि अपघातांचे मूळ धातूच्या थकव्यात शोधले.

१९९१ मध्ये लष्कराने हा तळ अनावश्यक ठरवला. २००३ पासून टॅग एव्हिएशनने तो पूर्णतः खासगी व व्यावसायिक जेटांसाठी चालवला. वेळापत्रकाची प्रवासी विमाने येथे नाहीत. विकला जातो तो वाचलेला वेळ.

उड्डाणे व अवतरणे मात्र परवानगीने बांधलेली : आरंभी वर्षाला २८,०००, पुढे २०११ मध्ये ५०,००० ची मुभा. मोजक्या प्रवाशांसाठी हजारोंनी आवाज का सोसावा, हा रहिवाशांचा प्रश्न रास्तच होता. २०१९ मध्ये विमानतळ मॅक्वेरी या ऑस्ट्रेलियन वित्तसमूहाकडे गेला. २०२३ मध्ये ७०,००० ची मागणी झाली.