कित्ता

हिंजवडीत दर रविवारी आम्ही काही कुटुंबे एका फ्लॅटमध्ये उपासनेला जमतो. बहुतेक जण आयटी पार्कमध्ये नोकरीला. परवा एका तरुणाने विचारले, "काका, शिष्य म्हणजे फॉलोअरच ना?" मी पटकन हो म्हणालो. ते उत्तर अपुरे होते.

‘शिष्य’ आला संस्कृत ‘शास्’ धातूपासून. शासन आणि शास्त्र त्याचेच भाऊबंद. ज्याला शिकवावे तो शिष्य. नव्या करारातल्या ‘मॅथेटेस’ या ग्रीक शब्दाच्या मुळाशीही शिकणेच आहे. ‘अनुयायी’ म्हणजे मागून जाणारा. देहू इतकी जवळ असताना पालखीमागे चालणे म्हणजे काय, हे आम्हाला कुणी सांगायला नको. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे रेव्हरंड टिळक म्हणत, तेही याच मातीतले.

पण ‘मॅथेटेस’ हा शब्द शुभवर्तमाने आणि प्रेषितांची कृत्ये एवढ्यातच येतो. पुढच्या पत्रांत तो एकदाही नाही. ती पत्रे ज्यांच्यासाठी लिहिली, त्यांतल्या बहुतेकांनी येशूला पाहिलेलेच नव्हते. आम्हीही त्यांच्यातलेच. पुढे चालणारा डोळ्यांना दिसत नसेल, तर मागे जायचे कसे?

‘अनुकरण’ म्हणावे, तर त्याला हल्ली ‘आंधळे’ हे विशेषण चिकटलेले. थॉमस ए केम्पिसच्या लॅटिन ग्रंथाच्या नावात अनुकरणच आहे. विवेकानंदांनी 1889 मध्ये त्याचा काही भाग बंगालीत आणला, तेव्हा नाव दिले ‘ईशानुसरण’. म्हणजे पुन्हा मागून जाणेच.

पेत्राच्या पहिल्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात, ख्रिस्ताच्या दुःखसहनाविषयी लिहिताना ‘हुपोग्रामोस’ असा शब्द येतो. अख्ख्या नव्या करारात एकदाच. मुलांनी पाहून किंवा वरून गिरवावे म्हणून गुरुजींनी आखून दिलेली अक्षरे, हा त्याचा अर्थ. मराठी बायबलात त्याला प्रतिशब्द आहे ‘कित्ता’. इतका नेमका शब्द मला दुसऱ्या कुठल्या भाषांतरात भेटलेला नाही. तो मूळचा अरबी, ‘कित्आ’ म्हणजे तुकडा. पुढे उस्तादाच्या सुंदर हस्ताक्षराच्या नमुन्यालाही तेच नाव पडले. तिथून तो आपल्या शाळेत आला आणि पार मराठी झाला.

कित्ता नुसता पाहून भागत नाही, तो गिरवावा लागतो. पहिली ओळ वेडीवाकडीच येते. बोट दुखते, कागद फाटतो, आणि कधीतरी आपल्या अक्षराला गुरुजींच्या अक्षराचे वळण लागते. ख्रिस्तासारखे होणे मला असेच दिसते: हात आपलाच, वळण त्याचे. कुणाला फॉलो करायला एक बटण पुरते. गिरवायला आयुष्य लागते.

प्रश्न विचारणाऱ्या त्या तरुणाला येत्या रविवारी योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय वाचायला सांगणार आहे. येशू कंबरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो, तो प्रसंग. तिथला ग्रीक शब्द वेगळा आहे, पण मराठी बायबलात तिथेही ‘कित्ता’च आहे.