विम्याचा तक्ता आणि ऑपरेशनची परवानगी

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया विम्यातून करायची तर आधी एक जाडजूड फाइल तयार करावी लागते. मागच्या काही वर्षांच्या वजनाच्या नोंदी, आहारतज्ज्ञाची टिपणे, मानसोपचारतज्ज्ञाचा शेरा, झोपेतल्या श्वासाची तपासणी, सोनोग्राफी, एंडोस्कोपी, रक्ताचे अहवाल आणि शेवटी शस्त्रक्रिया का गरजेची आहे हे सांगणारे सर्जनचे पत्र. ही जमवाजमव करण्यात महिने जातात आणि हे सगळे वैद्यकशास्त्रानेच मागितले आहे, असे रुग्ण धरून चालतो. या कागदांचा इतिहास पाहिला की वेगळेच दिसते. त्यांतले काही शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यांमधून आले, तर काही विमा कंपन्यांच्या हिशेबातून. पहिल्यांनी माणसे वाचली. दुसऱ्यांनी बरेचदा उपचार लांबवले. दोन्ही एकाच फाइलीत शेजारी शेजारी लावल्यामुळे त्यांचा दर्जाही एकच वाटू लागला, आणि त्याची किंमत आज भारतातले रुग्णही मोजत आहेत.

योग्य वजनाचा आकडा घरोघरी पोचवला तो मुळात आयुर्विमा कंपन्यांनी. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन लाइफ कंपनीने संख्याशास्त्रज्ञ लुई डब्लिन यांच्या देखरेखीखाली १९४२ मध्ये स्त्रियांसाठी आणि १९४३ मध्ये पुरुषांसाठी उंची-वजनाचे तक्ते काढले. कोणत्या वजनाचा पॉलिसीधारक जास्त जगतो, म्हणजे कोणाकडून किती हप्ता घ्यावा, हा त्यामागचा प्रश्न होता. १९५९ मध्ये सुधारित तक्ता आला. तो जवळून पाहण्यासारखा आहे. त्यात उंची मोजली आहे ती बुटांसकट: पुरुषांच्या टाचा एक इंच, स्त्रियांच्या दोन इंच. वजन अंगावरच्या कपड्यांसकट. शरीराचा बांधा लहान, मध्यम की मोठा यासाठी तीन वेगळे रकाने. पण बांधा ओळखायचा कसा, हे तक्त्यात कुठेच सांगितलेले नाही. आणि हा सगळा हिशेब आयुर्विमा विकत घेणे ज्यांना परवडत होते अशाच माणसांचा. तरीही दवाखान्यांच्या भिंतींवर हाच तक्ता लागला. १९७२ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी संख्याशास्त्रज्ञ क्वेतले यांचे उंची-वजनाचे जुने सूत्र 'बॉडी मास इंडेक्स', म्हणजे बीएमआय, या नावाने पुढे आणले, तेव्हा त्यांच्यासमोर पाच देशांतल्या सुमारे ७,४०० पुरुषांची मापे होती. त्या पाच देशांत भारत नव्हता आणि त्या मापांत स्त्री एकही नव्हती.

शस्त्रक्रियेची सुरुवात १९५४ च्या सुमारास मिनेसोटा विद्यापीठात झाली. क्रेमेन, लिनर आणि नेल्सन यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वळसा घालून बाजूला टाकला, म्हणजे अन्न शोषलेच जाणार नाही अशी सोय केली. पुढे लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड पेन यांनी हा मार्ग चालवला. विमा कंपन्यांनी खर्च द्यावा म्हणून अतिस्थूलतेला 'मॉर्बिड', म्हणजे रोगकारक, हे विशेषण पेन यांनीच जोडले, अशी नोंद या शाखेच्या इतिहासात आढळते. पात्रतेची मोजपट्टीही विम्याकडूनच आली. मेट्रोपॉलिटनच्या तक्त्यातल्या आदर्श वजनापेक्षा १०० पौंड, म्हणजे सुमारे ४५ किलो, जास्त किंवा त्याच्या दुप्पट वजन असेल तरच शस्त्रक्रिया. वजन उतरले, पण रुग्णांची यकृते निकामी होऊ लागली, मूतखडे झाले, जीवनसत्त्वे आणि क्षार शरीरात टिकेनात. १९८० च्या आसपास ही पद्धत जवळजवळ बंद पडली. तोवर आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी १९६६ पासून जठराचा लहानसा कप्पा करून तो आतड्याला जोडण्याची पद्धत रुळवली होती. आधी यकृत तपासा, रक्तातले लोह आणि जीवनसत्त्वे पाहा, रुग्ण पुढे आयुष्यभर तपासणीला येईल याची खात्री करा, या अटींना बळ आले ते या पंचवीसेक वर्षांच्या दुखण्यांतून. फाइलीतला हा भाग कष्टाने कमावलेला आहे आणि त्यात काटछाट करण्याची सूचना मी स्वप्नातही करणार नाही.

फाइलीचा दुसरा भाग १९९१ नंतर आला. त्या वर्षी मार्चमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, तज्ज्ञांची सहमती परिषद भरवली. बीएमआय ४० च्या पुढे, किंवा ३५ च्या पुढे आणि सोबत गंभीर आजार, असा उंबरठा तिथे ठरला. ४० चा आकडा ढोबळमानाने त्या जुन्या १०० पौंडांच्याच जवळ जातो. वैद्यकीय, शस्त्रक्रियाविषयक, मानसिक आणि आहारविषयक जाणकारी असलेल्या चमूने रुग्णाला पाहावे, आणि जो पहिल्यांदाच उपचाराला आला आहे त्याच्यासाठी आधी बिनशस्त्रक्रियेच्या उपायांचा विचार व्हावा, असेही परिषदेने सुचवले. अमुक इतके महिने डाएट करून दाखवा, असे तिने कुठेही म्हटले नव्हते. मग दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होऊ लागल्या आणि अमेरिकेतला त्यांचा वार्षिक आकडा नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीच्या सुमारे १६,००० वरून २००३ मध्ये १,०३,००० च्या पुढे गेला. विमा कंपन्यांचे धाबे दणाणले. काहींनी ही शस्त्रक्रिया पॉलिसीतून वगळली, तर अनेकांनी 'डॉक्टरांच्या देखरेखीखाली सलग सहा महिने आहारनियंत्रण' ही अट घातली. या अटीतला 'सलग' फार जाचक ठरला. दर महिन्याला दवाखान्यात जायचे, वजन करून घ्यायचे, डॉक्टरांनी तारखेसह टिपण लिहायचे. एका महिन्याची भेट हुकली, मग ती डॉक्टर रजेवर होते म्हणून का असेना, की बऱ्याच ठिकाणी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

या सहा महिन्यांना आधार किती? मेलबर्नच्या एका चमूने २००६ मध्ये ३२ रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी बारा आठवडे अतिशय कमी उष्मांकाच्या आहारावर ठेवून यकृताचे आकारमान मोजले. ते सरासरी १८.७ टक्क्यांनी घटले, पण त्यातली ८० टक्के घट पहिल्या दोन आठवड्यांतच झाली होती. सर्जनला हे दोन आठवडे खरेच हवे असतात, कारण चरबीने फुगलेल्या यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो आणि तो उचलून धरल्याशिवाय खाली काम करता येत नाही. म्हणजे तयारीचा आहार दोन आठवड्यांचा आहे आणि त्याचे कारण शरीररचनेत सापडते. सहा महिन्यांसाठी तसे कारण कोणी दाखवलेले नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका अभ्यासात विम्याने सक्तीचे समुपदेशन लावलेल्या रुग्णांपैकी २८ टक्के मध्येच गळले, बाकीच्यांत हे प्रमाण १९ टक्के होते, आणि शस्त्रक्रियेनंतर सक्तीचा काही लाभही दिसला नाही. २०१६ मध्ये तिथल्या बॅरिअॅट्रिक सर्जनांच्या संघटनेने ही अट भेदभाव करणारी, मनमानी आणि शास्त्राचा आधार नसलेली असल्याचे जाहीर निवेदनात म्हटले.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. ही गाळणी नसेल तर शस्त्रक्रिया सरसकट होतील, आणि पैशासाठी ऑपरेशन करणारे सर्जन सगळीकडे आहेत. २००५ मध्ये अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेतल्या १६,१५५ रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध झाला. त्यांतले २ टक्के तीस दिवसांत दगावले होते, तर ४.६ टक्के वर्षभरात. असे आकडे समोर असताना विमा कंपनीने डोळे मिटून पैसे द्यावेत, असे कोण म्हणेल? पण पुढे काय झाले तेही पाहावे लागते. २००९ मध्ये दहा केंद्रांमधल्या ४,७७६ रुग्णांच्या अभ्यासात तीस दिवसांतले मृत्यू ०.३ टक्के निघाले. दोन्ही अभ्यासांतले रुग्ण सारखे नव्हते. मेडिकेअरचे रुग्ण वृद्ध किंवा अपंग होते. तरी दुर्बिणीचे तंत्र, अनुभवी सर्जन आणि सरावलेली केंद्रे यांचा त्यात वाटा मोठा होता. मेडिकेअरने २००६ मध्ये सहा महिन्यांची अट न घालता प्रमाणित केंद्रांची अट घातली, आणि २०१३ मध्ये तीही काढली. गाळणी असावी, पण ती केंद्राला आणि सर्जनला लावावी, रुग्णाच्या चिकाटीला नव्हे, हे या अनुभवातून निघते. उशिराचीही किंमत असतेच. स्वीडनमधल्या दीर्घ अभ्यासात सरासरी ११ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचा धोका २९ टक्क्यांनी कमी दिसला.

हा सगळा इतिहास भारतात एका कलमाच्या रूपाने उतरला. विमा नियामक आयआरडीएआयने सप्टेंबर २०१९ मध्ये आरोग्य पॉलिसींमधली वगळण्याची कलमे प्रमाणित केली. त्यानुसार लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी डॉक्टरांचा सल्ला हवा, शस्त्रक्रिया वैद्यकीय प्रोटोकॉलमध्ये बसायला हवी, वय १८ पूर्ण हवे, आणि बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त हवा. ३५ किंवा त्याहून जास्त असेल तर लठ्ठपणाशी निगडित हृदयस्नायूचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेत श्वास अडण्याचा तीव्र विकार किंवा आटोक्याबाहेरचा टाइप-२ मधुमेह, यांपैकी काहीतरी हवे. त्याआधी लठ्ठपणाचा उपचार पॉलिसीत सर्रास वगळलेला असे, त्यामुळे हे पाऊल पुढचेच होते. पण आकडे १९९१ च्या अमेरिकेचे राहिले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २३, २७.५, ३२.५ आणि ३७.५ असे खालचे टप्पे सुचवले. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी शस्त्रक्रियेसाठी ३७.५ आणि आजार असल्यास ३२.५ ही मर्यादा धरली. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय मधुमेह शस्त्रक्रिया निवेदनातही आशियाई रुग्णांसाठी उंबरठा २.५ ने खाली आणायला सांगितले होते. हे सगळे उपलब्ध असताना ३४ बीएमआय आणि बेबंद मधुमेह असलेला नाशिकचा रुग्ण डॉक्टरांच्या मते पात्र ठरतो, पॉलिसीच्या मते नाही.

उंबरठा खाली आणला तर हप्ते वाढतील, ही भीती खोटी नाही. भारतात विम्याचा हप्ता भरणाऱ्यांचा गट लहान आहे आणि पात्र ठरणाऱ्यांची संख्या मोठी. पण मग तो निर्णय खर्चाचा म्हणून उघडपणे घ्यावा, मर्यादा घालावी, रुग्णाचा हिस्सा ठेवावा. परक्या शरीरांवरून काढलेला आकडा वैद्यकीय निकष म्हणून पुढे करू नये. दुसरी अडचण याच कलमाच्या एका ओळीत आहे. ३५ च्या गटात वजन घटवण्याचे कमी त्रासाचे उपाय आधी निष्फळ ठरलेले असावेत, एवढेच ती म्हणते. कोणते उपाय, किती काळ, नोंद कोणी ठेवायची, याबद्दल ती गप्प आहे. कॅशलेससाठी टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या मध्यस्थाकडे, गेलेल्या कागदांवर प्रश्न निघायला ही जागा पुरेशी आहे, आणि अमेरिकेत नेमक्या अशाच मोकळ्या जागेत सहा महिन्यांची अट येऊन बसली. २०२५ मध्ये वजन घटवणारी इंजेक्शने, आधी टिर्झेपाटाइड आणि पाठोपाठ वजनासाठीचे सेमाग्लुटाइड, भारतीय बाजारात आली. दरमहा हजारो रुपयांची इंजेक्शने ज्याला परवडली नाहीत, त्याने ती आधी घेऊन पाहिली नाहीत म्हणून त्याचा क्लेम उद्या नाकारता येईल का? या ओळीत आज त्याचे उत्तर नाही. आयआरडीएआयने ते आताच लिहून टाकावे: उपाय कोणते पुरेसे हे उपचार करणाऱ्या चमूने ठरवायचे, महिन्यांची मोजणी लावायची नाही, आणि बीएमआयचे आकडे भारतीय तज्ज्ञांनी दिलेले धरायचे.